एकशे पाच किलो

बोळिंज, विरार (पश्चिम)
३ ऑक्टोबर २००४

प्रिय संपदा,

तुझे पत्र मंगळवारी आले. फोन न करता लिहिलेस ते बरे केलेस. फोनवर तू ‘जेवलात का’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणतो आणि तेवढ्यात आपले बोलणे संपते. दांड्यावरचे वजन कधी वाढवायचे, असे तू विचारले आहेस. नाशिकच्या जिममध्ये चार महिने एकाच वजनावर अडली आहेस, राज्य स्पर्धेत नाव द्यायला पंचवीस तारखेपर्यंतच मुदत आहे, आणि उतरावे की नाही हे ठरत नाही. बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीला अजून हे बापाला विचारावेसे वाटते, याचे मला काय वाटले ते लिहीत बसत नाही.

आधी नियम. शेवटच्या सेटमध्ये ठरलेल्यापेक्षा दोनदा जास्त उचलता आले, आणि असे लागोपाठ दोन दिवस निघाले, तरच वाढवायचे. तेही दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो. पाठ वाकली तर ते मोजायचे नाही. झटका देऊन उचलले तर मोजायचे नाही. शेजारची वाढवते म्हणून तर मुळीच नाही. हे मला कुणी शिकवले नाही. मी दहावी नापास, कारखान्यात लेथ चालवणारा टर्नर. फोर्टच्या फुटपाथवरून जुनी इंग्रजी मासिके आणली, शब्दकोश घेऊन वाचली, आणि त्यातले अर्धे चूक आहे हे स्वतःचा खांदा दुखावून शिकलो. सोसायटीच्या सायकल शेडमध्ये जिम काढली तेव्हा तुझी आई म्हणाली होती, “दिवसभर लोखंड, आता संध्याकाळी पण लोखंडच? त्याच्याशीच लग्न करायचं होतं!” पुढे तिलाच मी तुझ्या उठाबशा मोजताना पकडले. लबाड, एक जास्तच मोजायची.

तू सोळाची होतीस. महिनाभर तुला नुसता दांडा उचलायला लावला तेव्हा चिडून म्हणालीस, “बाबा, यापेक्षा आपला गॅसचा सिलिंडर जड आहे.” तरी उचललास. हल्ली शेडमध्ये बारा जण येतात, त्यांचा निम्मा वेळ आरशासमोर जातो. तुझी पकड कडेपासून किती आत होती ते मी पट्टीने मोजून दांड्यावर खूण केली आहे. तिथे दुसऱ्या कुणी हात ठेवला की मी उगाचच सांगतो, जरा बाहेर धर.

ठाण्याची निवड स्पर्धा तू विसरली नसशीलच. डिसेंबर ९९. आईला जाऊन आठ महिने झाले होते. पंधरा दिवस आधी तू शेडमध्ये एकशे पाच उचलले होतेस. ठाण्यात दुसऱ्या प्रयत्नात साडेसत्त्याण्णव असे उचललेस की पंचसुद्धा माना डोलवत होते. तिसऱ्या, शेवटच्या प्रयत्नात किती उचलणार याची चिठ्ठी मी भरून दिली: शंभर. तेही उचललेस. कल्याणच्या मुलीने १०२.५ उचलले आणि सहा महिन्यांच्या शिबिराला दिल्लीला गेली. परतताना तू विचारलेस, “बाबा, एकशे पाच का नाही भरलं?” मी म्हणालो, आपल्या प्लेट गावठी भट्टीतल्या, दहा लिहिलेली साडेनऊच भरते, घरचे एकशे पाच म्हणजे खरे शंभरच. वर्षभरात बँकेची परीक्षा दिलीस आणि गेलीस. आता पत्रात लिहितेस, ‘इथे दोन आठवडे ठरलेल्या पाचाऐवजी सात निघताहेत, पण प्लेटचा काय भरवसा, म्हणून वाढवायला धजत नाही.’ ते वाक्य वाचले आणि पत्र घडी करून ठेवले. पुन्हा उघडायला चार दिवस लागले.

संपदा, आपल्या प्लेट खऱ्या होत्या. ९६ साली जवळच्या नंदाखाल गावातल्या माझ्या दोस्ताच्या, फर्डिनंडच्या वाडीत, केळी तोलायच्या काट्यावर एकेक चढवली होती. तो हसत होता, “सदा, पाव किलोनं तुझी पोर काय चंद्रावर जाणार?” कमी भरली त्या प्रत्येकीला मागून भोक पाडून मी शिसे ओतले, घासून सपाट केले, वरून काळा रंग दिला. तुला कधी दिसले नाही, कारण काम चोख होते. काल वही काढली. स्पर्धेआधीच्या सरावाच्या शेवटच्या दोन्ही दिवशी ठरलेले पाच, तू केलेस सात, पुढे माझ्याच अक्षरात ‘पाठ सरळ’. चिठ्ठीवरही मी आधी १०५ च लिहिले होते. टेबलावरच्या गृहस्थाने सहज विचारले, “शिबिराला सहा महिने पाठवणार ना मुलीला?” मला घरात एकट्यासाठी कुकर लावणारा मी दिसलो. पाचाचे शून्य केले. आणि तू विचारलेस तेव्हा ते स्वतःच्या अंगावर न घेता लोखंडावर ढकलले. पाच वर्षे तू स्वतःला शंभराची समजत राहिलीस, आणि मी समजू दिले. माफी मागण्याइतके तोंड मला नाही, पण हिशेब नीट असायला हवा म्हणून लिहितो: तू तेव्हाच तयार होतीस. आता सात निघतात, तर आजही आहेस. सव्वा-सव्वा चढव आणि नाव दे. स्पर्धेत चिठ्ठी स्वतःच्या हाताने भर, प्रशिक्षकालाही देऊ नकोस. ये म्हणालीस तर येईन, लांब मागच्या रांगेत बसेन. नको म्हणालीस तरी किती उचललेस तेवढे मात्र कळव.

तुझाच,
बाबा