नळीत दिसलं तेवढंच

चि. प्रमोदिनी, आशीर्वाद.

तू शाळेतून यायच्या आत मी निघतो आहे. आमटी चुलीवर झाकून ठेवली आहे. मुदखेडहून गोदाकाकू संध्याकाळी सोबतीला येतील.

तू ठेवून गेलेली प्रयोगाची वही वाचली. मोरचूद नळीत तापवल्यावर पांढराशुभ्र झाला, असं लिहिलंस. काल जेवताना तर म्हणालीस, "आजोबा, माझा राखेसारखा झाला हो!" मग राखेसारखा असंच लिही. शाळेत सगळं उर्दूतच लिहावं लागतं, आपली उर्दू चुकेल म्हणून तू पुस्तकातली वाक्यं उतरवलीस, हे मला कळतं. आधी मराठीत लिही, मग उर्दू कर. भाषा मास्तर सुधारतील. नळीत काय दिसलं ते मात्र तुलाच ठाऊक. दिव्याची काजळी लागली की आच जास्त झाली, हा तुझा अंदाज. तो खाली वेगळा लिही. पाहिलेलं आणि अंदाज एकत्र कालवू नकोस.

वाचनालयाच्या रेणुकादासांना काल चळवळीपायी पकडून नेलं, हे तू ऐकलंच आहेस. आज पोलीस ठाण्यातून अमीनसाहेबांचे शिपाई माझी चौकशी करायला येतील. घाबरू नकोस, खोटंही बोलू नकोस. शाळेतून आलीस तेव्हा आजोबा घरात नव्हते, एवढंच तू पाहिलंस. कुठे गेले असतील हा अंदाज झाला, आणि हा अंदाज कोणापुढेही मांडायचा नाही. म्हणूनच तू नसताना निघतो आहे.

चिठ्ठी वाचून चुलीत टाक. वही नीट ठेव, परत आल्यावर तपासणार आहे.

तुझे आजोबा