भिंतीवरची आई

शंगश्यान,
३ मार्च १९९२

चि. आछिंग हिला मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

थर्मास पोचला. पाणी सकाळपर्यंत गरम राहतं. घरच्या माणसांत आभार मानायची रीत नाही, म्हणून मानत नाही.

तुझा नवा सिनेमा इथल्या थिएटरात लागून गेला. मी सिनेमा बघत नाही हे तुला ठाऊकच आहे. शेजारच्या शिंगवहिनी जाऊन आल्या आणि अंगणात बांबूचे कोंब सोलता सोलता त्यांनी सगळं सांगितलं. या खेपेला तू राजाची तिसरी राणी होतीस म्हणे. आलीस, पंखा हलवलास, विषाचा पेला उचललास आणि मेलीस. पेला उचलताना हातातला पंखा कुठे गेला ते देवालाच ठाऊक. पंखा कसा मिटायचा हे तुला शिकवता शिकवता माझी बोटं वाकडी झाली, आणि तू तो हवेत विरघळवून मोकळी झालीस.

एवढं शिकून केलंस काय? पहिल्या सिनेमात चहाच्या मळ्यातली मुलगी झालीस, तेवढी एक बरी. तुझं तोंड कॅलेंडरावर लागलं, मलाही भाजीबाजारात दोन काकड्या जास्त मिळायच्या. त्यानंतर धरण बांधणाऱ्या इंजिनियरची बायको. सबंध सिनेमाभर कंदील धरून उभी, धरण झालं तरी बाई खाली बसली नाही. मग घोड्यावरून पडून मेलेली दरोडेखोरीण, आणि आता ही राणी. उतरती भाजणी म्हणतात ती हीच.

आणि आवाज! तोंड तुझं आणि आवाज कुणा उत्तरेकडच्या बाईचा, शिरक्यात बुडवून काढल्यासारखा. सरकारने जुनी नाटकं बंद केली होती त्या वर्षांत मी दार लावून, तुझ्या तोंडावर रजई धरून तुला गायला शिकवलं. बाहेर कुणी ऐकलं असतं तर दोघींची धडगत नव्हती. तो आवाज काय शांघायला जाऊन गहाण ठेवायला होता?

वेळेवर जेव. लोभ आहेच, तो वाढावा असं तू काही केलेलं नाहीस, तरी असू दे.

तुझी मावशी,
आइशियान

ता. क. अक्षर मोठं आलंय, दिवा मंद आहे.

शांघाय,
११ मार्च १९९२

ती. मावशीस आछिंगचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून करमणूक झाली. सिनेमाला नावं कोण ठेवतंय, तर जिच्या नुसत्या बायकांच्या नाटकमंडळीत साठीची बाई सोळा वर्षांचा विद्यार्थी होऊन येते आणि तिला उठवायला दोघी लागतात! तुमच्या त्या म्हाताऱ्या रंगमंचावर चहाच्या किटल्यांसारख्या एका हातावर उभ्या असतात. गेल्या वर्षी तुझ्याच शिष्येचं नाटक बघून आले. पहिल्या अंकात मी झोपले, दुसऱ्या अंकात राजकुमार.

आवाजाचं मी तुला पूर्वीही लिहिलं होतं. माझ्या बोलण्यात गावची लकब येते. दिग्दर्शक म्हणतात की राणी बोलायला लागली की बांबूचे कोंब विकायला बसल्यासारखी वाटते. म्हणून निए बाई माझ्या जागी बोलतात. त्या काचेच्या खोलीत सूर्यफुलाच्या बिया फोडत बसतात आणि मी मरते तेव्हा माझ्या वतीने कण्हतात.

राणीवर एवढी रागावू नकोस. थर्मास तिनेच पाठवलाय. आमच्याकडे अलीकडे हाँगकाँगची माणसं पैसे घालायला येतात, त्यांची एक रीत आहे. पडद्यावर जो मरेल, त्याच्या हातात निर्मितीवाले पैशांचं लाल पाकीट ठेवतात, म्हणजे खरं मरण फिरकत नाही. ते पाकीट घरी न्यायचं नसतं, दिवस मावळायच्या आत खर्चून टाकायचं. मी ते तुझ्यावर खर्चते. दरोडेखोरणीचा तुझा करडा स्वेटर, राणीचा थर्मास.

शिंगवहिनींची नजर मात्र दांडगी हं. सुईत दोरा ओवायला ज्या मला हाक मारायच्या, त्यांना पंखा दिसला!

आता कामाचं. स्टुडिओने नोटीस लावली आहे. वर्षअखेरपर्यंत ज्यांना भूमिका नाही, त्यांची रवानगी कपडेपटाच्या कोठारात, इस्त्री करायला. पण दिग्दर्शक बाओ आपल्या नदीकाठची गोष्ट घेताहेत. मुलगा शहरातून घरी येतो, आई त्याला ओळख देत नाही. आईची भूमिका अख्ख्या सिनेमाभर आहे, आणि ती शेवटपर्यंत जिवंत राहते. बाओंनी मला दोनदा चहाला बोलावलं. मावशी, हे काम मला हवं आहे. गेल्या दहा वर्षांत इतकं काहीच हवं वाटलं नव्हतं.

तब्येतीला जप. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस, ही विनंती.

तुझी,
आछिंग

शंगश्यान,
१९ मार्च १९९२

चि. आछिंग हिला आशीर्वाद, ते रीत म्हणून. वि. वि.

म्हणजे दोन हिवाळे मी तुझं मरण अंगात घालून फिरले! मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते आणखी काय असतं? आणि इथे तर मढंही घरचंच. स्वेटर तेव्हाच काढून फेकला. परवापासून शिंका येताहेत, त्याही तुझ्याच खाती.

थर्मास शिंगवहिनींना देऊन टाकला. त्या भलत्याच खूश झाल्या. मग मला राहवेना म्हणून खरं सांगितलं, तर त्यांनी तो दोन घरांमधल्या भिंतीवर नेऊन ठेवला आणि हात धुतले. आता तो तिथेच आहे. त्या घेत नाहीत, मी घेत नाही. पोस्टमन विचारतो की हा कुणाचा, दोघीही आभाळाकडे बघतो.

त्या बाओला माझा निरोप सांग. नदीकाठची आई उत्तरेच्या जिभेने बोलली तर मासेसुद्धा पोट धरून हसतील. काम घेशील तर आपल्या आवाजात घे. निए बाई तुझ्या तोंडून बोलणार असतील तर त्यांनाच रंग फासून उभं कर, आणि तू बिया फोडत बस.

काम मिळेल. मिळायला पाहिजे. पहाटे उठून गळा साफ करत जा.

लोभ आहे. थर्मासइतका उघड्यावर ठेवलेला नाही, एवढंच.

मावशी

शांघाय,
२८ एप्रिल १९९२

ती. मावशीस सा. न. वि. वि.

काम गेलं. दुसऱ्या कुणा बाईला गेलं असतं तर तिच्या नावाने चार दिवस बोटं मोडली असती. पण आई सिनेमा सुरू व्हायच्या आधीच मरते असं बाओंनी ठरवलंय. त्याने म्हणे गोष्टीला खोली येते. दोन महिने चहा पाजून ही खोली सापडली त्यांना. नाचता येईना अंगण वाकडं, आणि दिग्दर्शन येईना तर आईला मारा.

तरी मला अगदीच विसरले नाहीत. भिंतीवर आईचा फोटो लागतो, काळी फीत लावलेला, समोर उदबत्त्या. तो माझा. सिनेमाभर मुलगा त्या फोटोकडे बघतो म्हणे, म्हणून हीसुद्धा प्रमुख भूमिकाच आहे, असं बाओ मला चेहरा न हलवता म्हणाले. नोटिशीपुरतं ते काम धरतात, म्हणजे नाही म्हटलं की इस्त्री.

खरं सांगते, मला रडू आलं नाही, किळस आली. आत्तापर्यंत मेले तरी पडायला तरी मिळायचं. आता तेवढंही नाही. मावशी, तुझ्या नाटकशाळेत लहान मुलींना शिकवायला कुणी हवं आहे का? विचारून ठेव. झाडायचं काम असलं तरी चालेल.

तुझं अक्षर या खेपेला चिंचोक्याएवढं होतं. दिवा बदल. माझ्यावर अजून लोभ उरला असेल तर तो राखून ठेव.

आछिंग

शंगश्यान,
५ मे १९९२

चि. आछिंग हिला अनेक आशीर्वाद. वि. वि.

इथे येऊ नकोस. शाळेत विचारणार नाही. भिंतीवर टांगलेल्या बाईकडे कोण आपली मुलगी शिकायला पाठवेल? रडगाणं पुरे झालं, आता ऐक.

मी अठ्ठावीसची होते तेव्हा गालफुगी होऊन माझं तोंड भोपळ्यासारखं झालं होतं. मालकाने माझा राजकुमार दुसरीला दिला. तिचं रूप चांगलं आणि गळा बेडकाचा. मी पडद्यामागे जाऊन बसले. आपल्याकडे पडद्यामागून साथीला गातात, ती जागा कुणी मोजत नाही. मी तिथून गायले. तिसऱ्या दिवशी लोक तिकिटाच्या खिडकीवर विचारायला लागले की आत गाते ती कोण. उभी होती तिला कुणी विचारलं नाही.

भिंतीवरचा फोटो बोलत नाही हे कबूल. पण पोरगा घरात शिरतो तेव्हा ते घर मुकं असतं का? आई नावाड्याचं गाणं म्हणायची, ते त्याला आठवणार नाही? ते तू म्हणायचं, आपल्या बोलीत. बाओकडे ते माग.

तो नाही म्हणेल. असल्या माणसांना आधी नाहीच म्हणता येतं. मग पाकीट घेऊ नकोस. हात मागे बांधून उभी राहा. तुम्ही सिनेमावाले कलेला भीत नाही, पण मरणाला भिता. पाकीट न घेतलेल्या बाईच्या फोटोवर काळी फीत बांधायला त्या हाँगकाँगवाल्यांतला कोण पुढे होतो ते बघू.

जिंकलीस तर लोभ दुप्पट. हरलीस तरी आहे तेवढा राहील, पण तोंडावर सांगणार नाही.

मावशी

शांघाय,
२ जून १९९२

ती. मावशीस साष्टांग नमस्कार, आणि या खेपेला खरोखरचा. वि. वि.

बाओ आधी हसले. गाणं कशाला, शांततेत जास्त दुःख असतं म्हणाले. मी बरं म्हटलं. मग फोटो आला, फीत आली, उदबत्त्या लागल्या, आणि निर्मितीचा माणूस दोन्ही हातांनी पाकीट पुढे करून उभा राहिला. मी हात मागे बांधले.

त्याने तीनदा पुढे केलं. मग हाँगकाँगचा कॅमेरावाला, सहा फुटी धिप्पाड माणूस, लेन्सवर टोपी ठेवून बाजूला झाला. त्याला दोन लेकरं आहेत, हे पातक तो डोक्यावर घेणार नाही म्हणाला. दिवेवाले खाली उतरले. फीत बांधणाऱ्या मुलीने फीत टेबलावर ठेवली आणि हात पुसले. सिनेमात क्रांती आणू बघणारे बाओ मला कोपऱ्यात घेऊन गेले आणि पाकीट जाड करतो म्हणाले. मी म्हटलं, मला पाकीट जाड नको, माझं गाणं हवं.

तेव्हा त्यांनी शेवटचं हत्यार काढलं. गाणं राहील, पण म्हणतील निए बाई. निए बाईंनी बिया बाजूला ठेवून प्रयत्न केला. आपली बोली त्यांच्या तोंडात शिंक अडकल्यासारखी झाली. ध्वनी टिपणारा लेकाचा मान खाली घालून हसत होता. शेवटी निए बाईच उठल्या आणि म्हणाल्या, तिचं आहे, तिला म्हणू दे. मला त्या बाईची इतकी वर्षं चीड होती. आता ती कुठे ठेवू कळत नाही.

मी गायले. कानांवर हेडफोन, समोर काच, आणि तोंडावर रजई नव्हती. पहिल्यांदा माझाच आवाज मला मोठा वाटला.

मग पाकीट घेतलं, आणि ऊन असेतोवर संपवलं. यावेळी तुला काही घेतलं नाही, भिऊ नकोस. ईल माशाच्या शेवया खाल्ल्या, दोन वाडगे, एक निए बाईंना.

थंडी सुरू होताना सिनेमा तुमच्याकडे येईल. शिंगवहिनींना नक्की पाठव. त्यांच्या नजरेपेक्षा मला या खेपेला त्यांचे कान हवे आहेत. लोभाचा हिशेब तू केलाच असशील.

तुझी,
आछिंग

शंगश्यान,
२१ नोव्हेंबर १९९२

चि. आछिंग हिला अनेक आशीर्वाद. वि. वि.

शिंगवहिनी गेल्या नाहीत. त्या कधीच गेल्या नव्हत्या. अंधारात त्यांना घेरी येते. इतकी वर्षं जात होते ती मीच. मागच्या रांगेत, डोक्याला फडकं बांधून. तुझा एकही सिनेमा चुकवला नाही, कंदिलाचासुद्धा. आता हसायचं ते हसून घे.

या खेपेला मात्र मला फोटो दिसला नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पडद्यावर नुसतं धुकं होतं. दिव्याचं मी खोटं लिहीत होते. शेजारच्या पोरी सांगत होत्या की भिंतीवर बाई आहे, फीत लावलेली. मला काही दिसलं नाही, आणि बरंच झालं. मग पोरगा दार उघडतो तिथे तू गायलीस. "नावाड्या, वल्हं हळू मार, काठावर माझं बाळ निजलंय." दुसऱ्या ओळीत श्वास चोरलास. "बाळ" वर सूर किंचित चढा लागला. शंभरदा सांगितलं होतं. मी रडत होते, तरी तेवढं ऐकू आलं.

थिएटरभर बिया फोडायचा आवाज थांबला. आपल्या बोलीतलं गाणं सिनेमात येतं हे कुणाला माहीतच नव्हतं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी हळहळली, किती गोड गात होती बिचारी, देव तिला शांती देवो. तेव्हा मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की ती माझी भाची आहे, ती मेलेली नाही, शांघायला असते, दोन वाडगे शेवया खाते आणि तिला अजून चाळिशीही लागलेली नाही. लोकांनी मला धरून खाली बसवलं.

थर्मास भिंतीवरून आत आणलाय. स्वेटरही अंगात आहे. नववर्षाच्या सणाला घरी ये. डोळे दाखवायला मला कुणीतरी सोबत लागेल, आणि तो चढा सूरही उतरवून द्यायचा आहे. लोभ कमी नव्हताच कधी.

मावशी