मैनाराणी मीच

मंगळवार, दुपार

प्रिय,

पुढे नाव मुद्दाम लिहीत नाहीये, रागावू नकोस. तू बरी असशील, काकूही मजेत असतील. इकडे सगळं ठीक. ताईच्या हाती हे पत्र देतोय. वाचून झालं की फाडून टाक.

घरात सध्या माझे लाड चाललेत. कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी फक्त पंखा बंद करण्यापुरतं बोलायचे, ते काल स्वतः चहा घेऊन आले. "साखर बघ," म्हणाले. नुसता पाक होता. मुकाट्याने प्यायलो. पोलिसांनी पायात अडकवलेला पट्टा तसाच आहे, फाटकाबाहेर पडलो की पोलीस ठाण्यात कळतं. ताई म्हणते, "बरं झालं, एकदाचा घरात टिकलास!"

वकीलबाईंशी मात्र कडाक्याचं भांडलो. म्हटलं, "त्या देशात मी कधी पाऊल टाकलेलं नाही. सिनेमे साइटवर टाकले ते याच खोलीत बसून. मग खटला तिकडे का?"

"सिनेमे त्यांचे, कॉपीराइट त्यांचा. म्हणून तुझं प्रत्यार्पण मागितलंय. आणि आवाज खाली. मी तुला वाचवायला आलेय."

मग त्यांनी वाट सांगितली. तिकडच्यांना दोघं हवेत. सिनेमे टाकणारा मी, आणि आपल्या भाषेत सबटायटल्स लिहिणारी कोणी 'मैनाराणी'. शेवटच्या ओळीत तू गुपचूप ते नाव टाकायचीस ना? मला कळलं होतं. काढ म्हणावंसं कधी वाटलंच नाही. त्या एका ओळीसाठी मी अख्खा सिनेमा बघायचो.

"ती कोण ते सांग," वकीलबाई म्हणाल्या. "मग तू साक्षीदार होशील. इथेच राहशील."

मी म्हटलं, "मैनाराणी मीच."

त्यांनी माझ्या दाढीकडे पाहिलं. "तू?"

"का? पुरुषाला हौस नसते?"

त्या हसल्या नाहीत. चष्मा काढून पुसत बसल्या.

तर, गुरुवारी मला तिकडे नेताहेत. हेच सांगायचं होतं, आणि चहा-साखरेत अडकलो.

हे वाचून तू तडक ठाण्यात जाशील, ओळखतो ना तुला. जाऊ नकोस. काकूंना ऐकू येत नाही, घरबसल्या सिनेमा तरी कळावा म्हणून आईसाठी तू सबटायटल्स लिहायला लागलीस. तुला नेलं तर त्या घरात हातांनी बोलणारं कोण उरेल? माझं काय, मी भांडकुदळ. तुरुंगातही कोणी ना कोणी भांडायला मिळेल. त्या कुणाशी बोलणार?

तुला एक विचारायचं राहिलं, ते आता विचारत नाही. 'हो' म्हणालीस तर माझा पाय निघणार नाही, आणि 'नाही' ऐकायचं बळ या आठवड्यात नाही.

उत्तर पाठवू नकोस. भेटायला येऊ नकोस. कुणी विचारलं तर मला ओळखत नाही म्हण. आधी आरशासमोर म्हणून बघ, तुला खोटं बोलता येत नाही.

तुझ्या ओळखीचा नसलेला,
मी