एक जूनची माणसं

१८ मार्च १९९४

आबांचा जन्म कधी झाला? मला सांगता येत नाही. आबांनाही येत नाही. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी," एवढंच ते सांगतात. साल विचारलं की केळीकडे बघत राहतात.

वडिलांचा जन्म इतक्या वर्षांत मला कधी विचारावासा वाटला नव्हता. आज वाटला, कारण जीवराम नाना फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आले. नाना आमच्या गावच्या केळीवाल्या मंडळाचे अध्यक्ष. मे महिन्यात मंडळातले दहा शेतकरी इस्रायलला चालले आहेत – तिथले लोक थेंबथेंब पाण्यावर केळी कशी पिकवतात ते बघायला. दहांत आबा आहेत! पासपोर्ट सगळ्यांचे थंडीतच जळगावच्या एजंटाने करून आणले. आता व्हिसा.

"इंग्रजी फॉर्म हायेत. गावात बी. ए. झालेली पोरगी तू एकटी. तूच भर."

घरातली मी पहिली पदवीधर. पदवी घेऊन तीन वर्षं झाली, घरच्यांना तिचा झालेला हा पहिला उपयोग.

एजंटाने नियमांचा कागद दिला आहे. पासपोर्ट सहा महिने तरी चालेल असा हवा, दोन फोटो, परतीचं तिकीट, बँकेचं पत्र, आणि माणूस परत येणार ह्याचा पुरावा. सर्वांत खाली: वरील माहिती खरी आहे. सही. मी नानांना स्पष्ट सांगितलं, ज्यात खोटं आहे अशा कागदावर मी कधी सही केलेली नाही, आणि असा कागद भरणारही नाही.

"खोटं कोण सांगतंय तुले?" नाना म्हणाले. "खरं भर. पण परवापर्यंत भर."

२० मार्च

सकाळपासून ओसरीवर दहाही जण. आईने तीनदा चहा केला.

भेटीचा उद्देश. व्हिसा पर्यटकाचा आहे, म्हणून 'पर्यटन' लिहायचं. पितांबरभाऊ एकदम सावध झाले. "फिरायले चाल्लो असं लिव्हू नको. लोकं म्हणतीन, बाग निसवायले आली अन् हा फिरायले गेला."

म्हटलं, हे गावातल्या लोकांना दिसणार नाही.

"तुले माहीत नाही. दिसतं."

त्या देशात कोणी नातेवाईक आहेत का? कौतिकभाऊ, पितांबरभाऊंचे थोरले भाऊ, जरा विचार करून म्हणाले, "तिकडे त आजून कोणी पोरगी दिली नाही."

परत येण्याचा पुरावा म्हणून प्रत्येकाचा सातबारा लावला. आबांना ते पटलं नाही. जमीन काय, ती जागेवरच राहते. "लिव्ह, की बाग निसवली, घड बाहेर पडायले लागले हायेत. मंग तो साहेब समजून घेईन." मलाही तोच पुरावा पक्का वाटतो. पण त्याला फॉर्मात रकाना नाही.

मग जन्मतारीख. पासपोर्ट उघडत गेले. नाना – १ जून. कौतिकभाऊ – १ जून. आबा – १ जून १९४३. दहांपैकी नऊ जण १ जूनचे! दहावे सुपडूभाऊ २ जूनचे, कारण ते शाळेत एक दिवस उशिरा गेले होते. आणि कौतिकभाऊ-पितांबरभाऊ तर दोघेही १ जून १९४८.

"मी दोन वर्षांनी मोठा," कौतिकभाऊ म्हणाले. "आम्हाले दोघाले एकाच दिवशी शाळेत घातलं. गुरुजीनं एकाच दमात लिव्हलं."

मला राहवलं नाही. म्हटलं, शाळा जूनमध्ये उघडते म्हणून अख्ख्या गावाने जूनमध्ये जन्माला यायचं? गुरुजींच्या सोयीसाठी? माणसाला स्वतःचा एक दिवससुद्धा नको?

सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग नाना म्हणाले, "गुरुजीनं बठ्ठ्यांले सारखं तरी ठेवलं."

माझं त्यातल्या त्यात बरं आहे. माझीही १ जूनच, १९७०ची, पण ती खरी. कॉलेजच्या मैत्रिणी दर वर्षी त्या दिवशी कार्ड पाठवतात.

२३ मार्च

बेबाबाई फुईकडे जाऊन आले. आबांची थोरली बहीण. तिची जन्मतारीख कोणी विचारलेली नाही, कारण तिला शाळेतच घातलं नाही.

फुई म्हणाली, "तुह्या आबाच्या वक्ताले मी आठ वर्साची व्हती. पावसाळ्यात गरहन लागलं. माय पोटुशी. तिनं बाहेर पाहू नये म्हणून मले दाराशी बसवलं – माय उठली की वरडायचं. मी दिवसभर वरडले. मंग महिन्यानं पोळा आला, अन् दुसऱ्या दिवशी हा."

ग्रहण! म्हणजे साल सापडेल.

२७ मार्च

जळगावला एका वृद्ध ज्योतिषांकडे जुन्या पंचांगांच्या बांधलेल्या थप्प्या आहेत. दुपारभर बसले. धुळीने नाक चोंदलं. सापडलं – १९४४च्या जुलैत सूर्यग्रहण, १८ ऑगस्टला पोळा. आबांचा जन्म १९ ऑगस्ट १९४४.

पासपोर्टपेक्षा आबा चौदा महिन्यांनी लहान आहेत.

घरी येऊन सांगितलं. आबा हात धूत होते, तसेच थांबले. "एकोणीस ऑगस्ट," असं दोन-तीनदा म्हणाले, एखाद्या नव्या वाणाचं नाव पाठ करावं तसं. मग विचारलं, वार कोणता?

"शनिवार."

आई आतून म्हणाली, "तरीच."

२९ मार्च

फॉर्म गेले. बाकीच्यांना खऱ्या तारखा सापडेनात आणि शोधायला वेळ नव्हता. पासपोर्टवरच्याच तारखा घातल्या, सह्या त्यांनी आपापल्या केल्या. आबांच्या फॉर्मात मी १९ ऑगस्ट १९४४ लिहिलं. अक्षर जरा मोठंच आलं.

नऊ खोटे, एक खरा.

१९ एप्रिल

नऊ व्हिसा आले. एक फॉर्म परत आला.

खरा तो.

वर इंग्रजीत एक ओळ: जन्मतारीख पासपोर्टशी जुळत नाही.

एजंटाकडे गेले. सगळं सांगितलं – ग्रहण, पोळा, पंचांग. तो चांगला माणूस आहे, त्याने मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "मॅडम, खरी तारीख कुणी विचारली होती? पासपोर्टवरची विचारली होती."

आता दोनच वाटा. पासपोर्टवरची तारीख बदलून घ्यायची, त्याला महिने लागतील. विमान ८ मेला आहे. किंवा वकिलातीला पत्र द्यायचं की फॉर्म भरणाऱ्याकडून चूक झाली. फॉर्म भरणारी मी.

एक गंमत बघितली. व्हिसा वेगळ्या कागदावर दिला आहे, पासपोर्टवर शिक्का नाही. पुढे कोणाला अरब देशांत जायचं असेल तर अडचण नको, म्हणून ही सोय आहे म्हणे. म्हणजे गेल्याचा पुरावा ठेवायचा नाही, आणि परत येण्याचा मात्र आधीच द्यायचा. असे नियम करणाऱ्यांना माझी एक तारीख चालत नाही.

२० एप्रिल

नाना येऊन गेले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "दहा दिवसात झालं त ठीक. नाही त वनाचा पासपोर्ट तयार हाये, त्याच्यासाठी धावपळ करून पाहू." वनाकाका यादीत अकरावे आहेत. सकाळी रस्त्यात भेटले तर माझी नजर चुकवत होते.

आबांना म्हटलं, माझ्यामुळे झालं.

"तू खरं लिव्हलं ना?"

"हो."

"मंग झालं. राहू दे."

आणि बागेत गेले. जाण्याआधी नवी पँट घडी करून पेटीत ठेवली. आबांनी जन्मात पहिल्यांदा पँट शिवली होती. गेले पंधरा दिवस रोज संध्याकाळी घालून अंगणात फेऱ्या मारायचे, सवय व्हावी म्हणून.

मी त्यांना एक दिवस शोधून दिला आणि त्याच्या बदल्यात एक देश काढून घेतला.

२१ एप्रिल

तत्त्वाचा प्रश्न आहे, असं काल रात्रीपर्यंत वाटत होतं. आज सकाळी आबा पेटीकडे न बघता पेटीजवळून गेले.

पत्र लिहिलं. तीन कच्चे झाले. 'अनवधानाने' ह्या शब्दापाशी दरवेळी पेन अडत होतं. पंचांगं चाळायला मी दुपारभर बसले होते, अनवधान कसलं? शेवटी असं लिहिलं – फॉर्म भरताना माझ्याकडून चूक झाली. माझ्या वडिलांची खरी जन्मतारीख १ जून १९४३ हीच आहे.

'खरी' हा शब्द एजंटाने घालायला सांगितला. खाली सही. नावापुढे बी. ए. लिहिते, ते आज लिहिलं नाही.

२२ एप्रिल

जेवले नाही. आई ताट घेऊन शेजारी बसली.

"एका तारखीपायी किती झुरशीन? तुही तरी कुठं खरी हाये?"

म्हटलं, माझी खरी आहे. १ जून.

"येडी व्हय का? तू कपाशीच्या तिसऱ्या वेच्याले झाली. मी वावरातून आले अन् तू. थंडी पडेल व्हती."

"मग तारीख कोणती?"

"आता ते कोनं लिव्हून ठेवलं? शेवंताबाई व्हती सोबत, ती बी गेली." भाकरीचा तुकडा माझ्या हातात दिला. "खाय."

२३ एप्रिल

१ जूनची कार्डं काढून बघितली. अकरा आहेत. परत ठेवून दिली.

३० एप्रिल

आबांचा व्हिसा आला. खोटं बोलल्यावर नऊ दिवसांत!

आई पेटी उघडायला उठली, तर पँट आबांच्या अंगावर होती.

७ मे

आज भुसावळहून सगळे मुंबईच्या गाडीत बसले. आईने बिबड्यांचा डबा दिला आहे. ज्वारीचे पापड परक्या देशात नेता येतात का, हे नियमांच्या कागदावर कुठे नाही. मी नऊ जणांकडून 'फर्स्ट जून' पाठ करून घेतलं. सुपडूभाऊंकडून 'सेकंड'. आबांनीही म्हणून दाखवलं, पण शाळेतल्या पोरासारखं, आढ्याकडे बघत.

२१ मे

आबा आले! पायांना सूज, चेहरा लाल, आणि बोलणं थांबत नाही. नेहमी दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस.

पाण्याचं, नळ्यांचं, तिथल्या बुटक्या केळीचं पुष्कळ सांगितलं. ते मंडळाच्या वहीत येईलच. इथे विमानतळाचं लिहिते.

उतरल्यावर एक तरुण साहेब पासपोर्ट बघून प्रत्येकाला जन्मतारीख विचारत होता. नानांनी सांगितलं, फर्स्ट जून. कौतिकभाऊंनी सांगितलं, फर्स्ट जून. पितांबरभाऊंनी सांगितलं तेव्हा साहेबाने मान वर केली. पाचव्याला त्याने शिक्का खाली ठेवला. दहाही जणांना एका बाकावर बसवलं. सुपडूभाऊ म्हणत होते, माझी वेगळी आहे, मला जाऊ द्या. त्यांनाच सगळ्यांत आधी अडवलं, हे एकटेच वेगळं का सांगतात म्हणून.

मग एक म्हातारा साहेब आला. एजंटाचा माणूस दुभाषी म्हणून सोबत होता, त्याने शाळेची, गुरुजींची हकिगत सांगितली. म्हातारा ऐकत राहिला आणि मग हसायलाच लागला. त्याचा बाप येमेनहून त्या देशात आला होता. त्याचीही तारीख कोणालाच माहीत नव्हती, एका कारकुनाने बसल्या जागी लिहून टाकली.

"मंग त्यानं बठ्ठ्यांले इचारलं," आबा म्हणाले, "की कागदावरली सोडा, खरी कोणती? एकाले सांगता येईना."

"आणि तुम्ही?"

"मी म्हनलं, नाइनटीन ऑगस्ट. शनिवार."

म्हाताऱ्याने आबांचा हात हातात घेतला. म्हणाला, ही घरात पाळा, कागदावर ती राहू द्या. आणि व्हिसाच्या कागदांवर शिक्के मारले.

हे सांगताना आबा माझ्याकडे बघत नव्हते. बिबडीचा उरलेला तुकडा मोडत होते.

२ जून

काल कार्ड आलं. बारावं. मैत्रिणीला आभाराचं पत्र टाकलं. दुसरं काय लिहिणार?

संध्याकाळी नाना आले. पुढच्या वर्षी दुसरी तुकडी जाणार आहे. "एजंटाचा दुभाषी काय कामाचा? त्याले खोड कोणतं अन् बुडाशी फुटलेलं पील कोणतं ते कळेना. आपलंच माणूस पाहिजे. कुमुद, तू पासपोर्ट काढ."

आई म्हणाली, आधी हिचं लग्नाचं बघू.

पासपोर्टच्या फॉर्मात जन्मतारखेचा रकाना वरून तिसराच आहे. कापूस तिसऱ्यांदा वेचला तो दिवस त्यात कसा लिहायचा? पंचांगात ग्रहणं असतात, वेचे नसतात. आणि ज्यात खोटं आहे अशा कागदावर मी, वगैरे वगैरे. १८ मार्चचं पान पुन्हा वाचलं.

१९ ऑगस्ट

आबांना आज पन्नास पूर्ण. आईने शिरा केला. फुई आली, तिने ग्रहणाची गोष्ट पुन्हा सांगितली, दाराशी बसून ओरडूनही दाखवलं. आबा पँट घालून बसले होते.

मी सकाळीच सावद्याला पोस्टात जाऊन आले. फॉर्म रजिस्टरने गेला. जन्मतारीख: १ जून १९७०. वरील माहिती खरी आहे – त्याखाली माझी सही आहे. पुढे बी. ए.