खारूच्या कुप्या

१८ फेब्रुवारी १९८२

चि. धाकट्यास,
अ. आ.

चष्म्याचं दुकान पुन्हा उघडलंस, हे खारूच्या आईने कळवलं. बरं केलंस. घरी बसून तू भिंतींकडे बघत राहिला असतास आणि तिचा जीव खाल्ला असतास. जेवतोस ना? मुळात काटकुळा, त्यात आता वाळायला काही शिल्लक नाही.

टाचेवरच्या एवढ्याशा फोडाने आपल्या खारूसारखी सतरा वर्षांची धडधाकट पोरगी कशी जाते, असं तू मला त्या दिवशी विचारलंस. आज सांगते. नव्या बुटाने टाच सोलली, तिथून जंतू रक्तात शिरले. हे जंतू महालबाड. आपल्याच रक्ताच्या गुठळीचं पांघरूण ते अंगावर ओढून घेतात. शरीराच्या पहारेकऱ्यांना वाटतं, आपल्यातलंच कुणीतरी आहे, आणि औषध आत पोचत नाही. ते पांघरूण उसवण्याच्या मागे मी सात वर्षं आहे, आणि माझ्याच भाचीच्या वेळी माझ्या हातात काही नव्हतं. हे काही केल्या गिळवत नाही.

तिच्या रक्तातले जंतू इस्पितळाने नेहमीप्रमाणे आमच्या प्रयोगशाळेत पाठवले. मी ते वाढवले, कुप्यांत गोठवून ठेवलेत. गेल्या आठवड्यात आमच्या नव्या द्रावणाने त्यांचं पांघरूण सुटलं. आजवर कुठल्याच जंतूंचं सुटलं नव्हतं. म्हटलं, हे कळून तुला थोडं बरं वाटेल.

तब्येतीला जप. माया आहे तशीच ठेव.
तुझी ताई


२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बरं वाटलं नाही.

पत्र वाचलं, काच घासायचं यंत्र बंद केलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसलो. बाहेर एक गिऱ्हाईक ताटकळून निघून गेलं. ज्यांनी माझी पोर खाल्ली, त्यांना तू खायला घालतेस? ऊब देतेस? तिच्या खोलीत सगळं जिथल्या तिथे आहे, पण जिवंत म्हणावं असं काही नाही. आणि तुझ्याकडे ते सुखात वाढताहेत.

तुझं शास्त्र मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. मारून टाक सगळे. एकसुद्धा ठेवू नकोस. तोवर मला लिहू नकोस.

लोभाचं या खेपेला काही लिहीत नाही.
धाकटा


४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

केलं. आज सकाळी फ्रीझरमधून सगळ्या कुप्या काढल्या. आमच्याकडे एक वाफेचं यंत्र असतं, मोठा कुकरच म्हण. त्यात ठेवल्या आणि शिजेपर्यंत शेजारी स्टुलावर बसून राहिले. आमचे साहेब धावत आले. डोकं ठिकाणावर आहे का, असं त्यांनी विचारलं. मग दुसरीकडे कुठे थोडे ठेवलेत का, तेही विचारलं. नाही ठेवलेत. इस्पितळाने त्यांच्याकडचे कधीच टाकून दिले. आता ते जगात कुठेच नाहीत.

द्रावण इतर जंतूंवर चालत नाही, त्यामुळे तो प्रयोगही तिथेच संपला. त्याचा विचार तू करू नकोस. मी संशोधक नंतर, तिची आत्या आधी आहे रे. तुला त्यांच्यामुळे झोप नसेल तर मला ते नकोत.

आता लिहायला परवानगी आहे असं धरते. रागावलेला असलास तरी चार ओळी पाठव.
तुझी ताई


४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहू नकोस असं मीच म्हटलं, आणि आता मीच पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसतो.

तुझं अठरा तारखेचं पत्र खारूच्या आईला मी दाखवलं नव्हतं. काल तिला ते माझ्या कोटाच्या खिशात सापडलं. मला वाटलं, तीही भडकेल. तिने एवढंच विचारलं की ते पांघरूण आपल्या खारूच्याच रक्ताचं होतं ना. मी हो म्हटलं. मग म्हणाली की लेकीच्या अंगातलं काहीतरी अजून जिवंत आहे, आणि बाप असून तू ते मारायला सांगितलंस. त्यातून उद्या दुसऱ्या कुणाची पोर अंथरुणातून उठली, तर ती खारूनेच उठवली असं मी धरीन, असंही म्हणाली. खारू गेल्यापासून आम्ही दोघं एका खोलीत बसून रडलो नव्हतो, ते काल रडलो.

तेव्हा मागचं पत्र फाडून टाक. रागाच्या भरात खरडलं. कुप्या नीट सांभाळ. रविवारच्या गाडीने आम्ही येतोय. तुझ्या सूक्ष्मदर्शकातून खारूच्या आईला ते एकदा बघायचेत, आणि खरं सांगायचं तर मलाही. आज ती आपण होऊन जेवायला बसली.

तू एव्हाना काही केलं तर नसशील ना, अशी धास्ती तिने घेतली होती. मी म्हटलं, ताईने जन्मात कधी माझं ऐकलेलं नाही, ती आताच कशाला ऐकेल. तेव्हा कुठे ती हसली.

मागच्या खेपेचा राहिलेला लोभही यात धर.
तुझा धाकटा