चार बोटं बुटकं टेबल

मालवण,
सोमवार, दि. १४ नोव्हेंबर १९८८

चि. विश्राम यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे खुशाल आहोत. तुम्हीही खुशाल असाल असं पुढे लिहायची रीत आहे. पण तू खुशाल नाहीस हे सूनबाईच्या, सुनीतीच्या पत्रावरून कळलं, म्हणून ती ओळ गाळतो.

दिवाळी बरी गेली. आईने यंदा करंज्या थोड्याच केल्या. खाणार कोण, म्हणाली. पुढच्या आठवड्यात तुळशीचं लग्न, वृंदावनाला चुना काढायचा राहिलाय. मागच्या परड्यातल्या दोन माडांना या खेपेला नारळ चांगले धरलेत.

सुनीतीने आईला सगळं लिहिलंय. तिच्यावर रागावू नकोस. उजव्या मनगटात कळ येते, रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येते, सकाळी कपबशी धरवत नाही. डॉक्टरांनी पट्टा दिला तो तू ऑफिसात काढून खिशात ठेवतोस, साहेबांनी पाहिला तर कंप्युटरचं काम दुसऱ्याला देतील म्हणून. आईने पत्र दोनदा वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "तुमीच लिवा. ह्या दुखणा तुमचा. तुमकाच म्हायत आसा."

म्हणून आधी कामाचं लिहितो.

तो पट्टा लपवू नकोस. मी पहिली दोन वर्षं दुखणं लपवलं, तेवढ्यात ते मुरलं. खुर्ची आणि टेबल नीट बघ. कोपर आणि बटणं एका उंचीवर यायला हवीत. टेबल उंच असेल तर मनगट वर मोडतं, आणि सगळं दुखणं तिथून सुरू होतं. खुर्ची उंच करून पाय लोंबत असतील तर पायाखाली जुनी रजिस्टरं घे. मनगट टेबलाच्या कडेवर टेकवून टाइप करू नकोस. आणि ठोकू नकोस. आम्ही तीन कार्बन घालून टाइप करायचो, शेवटच्या कागदावर अक्षर उमटायला हातोड्यासारखं बोट मारावं लागे. तुझी बटणं मऊ आहेत असं ऐकतो. तुला ठोकायची सवय माझ्याकडून लागली असणार. घरी ओले कपडे पिळू नकोस, पाण्याची बादली डाव्या हाताने उचल, उशीखाली हात मुडपून झोपू नकोस. कोमट पाण्यात हात बुडवून बोटं सावकाश उघड-मीट कर. महिन्याभरात उतार पडला नाही तर परत डॉक्टरांकडे जा.

यातलं माझं काहीच नाही, विश्राम. हे सगळं तुझ्या आईने शोधून काढलं. तुला ते ठाऊक आहे. मी कधी बोललो नाही, इतकंच.

सामंतवकिलांच्या ऑफिसात मी टायपिस्ट होतो आणि सहासष्ट साली माझा हात गेला. तू नऊ वर्षांचा होतास. दाव्याचे कागद रोज पंधरा-वीस पानं, आणि माझी बोटं चार ओळींत सुन्न होत. नोकरी जाईल या भीतीने मी जुनं मशीन घरी आणलं, घरी निवांत काम होतं असं वकिलांना सांगून. आई शेजारी बसून वकिलांचं किरटं अक्षर मला वाचून दाखवायची. व्हर्नाक्युलर फायनल झालेली ती. माझी बोटं बघून बघून तिला अक्षरांच्या जागा पाठ झाल्या. एका दुपारी माझा हात अडला तेव्हा तिने मला उठवलं आणि स्वतः बसली. पहिलं पान करायला तिला पाऊण तास लागला. पावसाळा संपेपर्यंत ती माझ्या पुढे गेली होती.

मग तिचाही हात दुखायला लागला. मी असतो तर दात-ओठ खाऊन बसलो असतो. तिने दुसऱ्या दिवशी महादू सुताराला बोलावलं आणि टेबलाचे पाय चार बोटं कापून घेतले. चांगलं सागवानी टेबल, मी किती बोललो तिला. तिने ऐकून घेतलं आणि बसून दाखवलं: हात सरळ, खांदे खाली. प्रत्येक पान झालं की ती उठायची, तुळशीला पाणी घालून यायची, आमटी ढवळायची. काम टाळते म्हणून मी त्यावरही बोललो. ती म्हणाली, "पान संपला काय हात सोडूचो. हातांकय इसावो व्हयो." तिचा हात दोन आठवड्यांत बरा झाला. मला वर्ष लागलं, कारण तिचं ऐकायलाच मला सहा महिने लागले.

ते दिवस मला आता फार आठवतात. कार्बनचा वास, तू ओटीवर बसून खराब झालेल्या कागदांच्या होड्या करायचास, आतून मशीनची टकटक. पान संपून कागद मशीनमधून ओढल्याची खरखर व्हायची तसा तू धावत जायचास, आई आता उठणार म्हणून. मला वाटतं आपल्या घरातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते. पण एक गोष्ट त्यात आहे. ती मागच्या खोलीत टाइप करायची तेव्हा मी तिला खिडकी लावून घ्यायला सांगायचो. मे महिन्यातसुद्धा. मी ऑफिसात असताना मशीन वाजतं हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. ती घामाने निथळायची आणि पानं करत राहायची.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते लिहितो. इतका वेळ माडांचं आणि टेबलाचं लिहीत राहिलो.

त्या वर्षी मी तुला घेऊन वकिलांकडे कागद द्यायला गेलो होतो. त्यांनी कागद चाळले आणि हात सुधारला म्हणून माझं कौतुक केलं. तू म्हणालास, "ह्या आयेन केल्यान. बाबांचो हात दुखता." मी तुझ्या मुस्काटात मारली आणि म्हणालो, "मुलगा खोटं बोलतोय, साहेब." बंदरावरून घरी येईपर्यंत तू रडला नाहीस. घरी आल्यावर आईला सांगितलं नाहीस. तेव्हा मला त्याचं बरं वाटलं होतं.

पुढे लहान पत्रं मी करायचो, लांब दावे ती. माझी नोकरी संपेपर्यंत. पंच्याऐंशीत मला शाल-श्रीफळ दिलं, माझ्या कागदात कधी खाडाखोड सापडली नाही असं वकील बोलले, आणि तुझी आई मागे बायकांत बसून टाळ्या वाजवत होती. रात्री तू मला एवढंच म्हणालास की आज तरी तिचं नाव घ्यायचं होतं. माझ्या घरात मला शिकवू नकोस, असं मी म्हटलं. सकाळच्या एसटीने तू गेलास. त्यानंतर तुझी पत्रं तिलाच येतात.

पाडव्याला मी वकिलांकडे गेलो. ते आता खाटेवरच असतात, पण कान शाबूत आहेत. सगळं सांगितलं, तुला मारलं तेही. त्यांनी एवढंच विचारलं, "तिचं नाव काय?" इतकी वर्षं मी त्यांच्या दारात जात होतो, आणि तिचं नाव तिथे एकदाही निघालं नव्हतं. मी सांगितलं, सावित्री.

घरी येऊन तिला हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. आता सांगून काय उपयोग, असं म्हणाली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "विश्राम माका विचारी, आये, बाबा खरा कधी सांगतले? त्येका कळवा."

म्हणून कळवतो. त्या दिवशी तू खरं बोललास. खोटं मी बोललो होतो.

याचं उत्तर लिहू नकोस. तीन वर्षं मी पोस्टमनची वाट बघितली, आणि उत्तर हवं आहेच. पण तुझ्या हाताला विसावा हवा. सुनीतीला दोन ओळी लिहायला सांग, किंवा रजा मिळेल तेव्हा दोघं या. बोलूच.

हात जपून ठेव.

तुझ्या आईचा ऋणी, आणि तुझाही,
काशिनाथ
(बाबा)