सारिकाची आई काय करते?

मंगळवार, संध्याकाळ

त्या टाळ्या कशाला वाजवल्या मी? चौथीला आज आईवडिलांची कामं इंग्रजीत विचारायला शिकवलं. "व्हॉट डज युवर मदर डू?" सारिका खणखणीत आवाजात म्हणाली, "शी इज अ हाउसवाइफ." पुस्तकातलंच उत्तर. मी टाळ्या वाजवल्या.

शाळा सुटल्यावर फाट्यावर ऊसतोडीचा ट्रक भरत होता. सारिकाची आई चढत होती, काखेत चिंधीत गुंडाळलेला कोयता. मला बघून थांबली.

"मॅडम, पोरगी मावशीकडं राहायलीय, लक्ष असू द्या. आन् आत्ताच बोलून गेली, माय काय करती ते इंग्रजीत सांगती म्हणं? काय सांगती वो?"

"छान सांगते," म्हटलं.

अजून तो कोयता डोळ्यांपुढून हलत नाही. ट्रक सुटला तरी तिचा आवाज येत होता, बाकीच्या बायांना सांगत होती, "माझी पोरगी माझं काम इंग्रजीत सांगती!"